पाळी गेल्यानंतरची जळजळ, कोरडेपणा आणि लघवीची घाई: जागेवर लावायचं हार्मोन कसं वापरावं

मला ऐन डिसेंबरात उन्हाळी लागली. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. नाशिकच्या थंडीत उन्हाळी कशी लागेल, असं घरात सगळ्यांना वाटलं. मग धन्याचं पाणी झालं, सब्जा झाला, जवाचं पाणी झालं. दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा लघवीच्या तोंडाशी आग. दीड वर्षात एका दवाखान्यातून पाच वेळा अँटिबायोटिक घेतलं. लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत आणि त्यांना कोणतं औषध लागू पडेल ते बघणारी तपासणी, एकदाही कोणी करायला सांगितलं नाही. सहाव्या वेळी मैत्रिणीच्या आग्रहाने दुसऱ्या लेडी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासणीच्या टेबलावर घेतलं, बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, हे इन्फेक्शन नाही. आतलं अस्तर वाळून पातळ झालंय. त्याला जे मिळायचं ते मिळत नाहीये."

त्यांनी दिलेली क्रीमची छोटी ट्यूब मी आजही वापरते. त्या दीड वर्षात मला जे कोणी सांगायला हवं होतं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी नेमकं काय होतं ते समजून घ्या

योनिमार्ग, त्याच्या बाहेरची त्वचा, मूत्रमार्ग आणि लघवीच्या पिशवीचा तळ हे सगळे भाग इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसलेले असतात. ते असेपर्यंत अस्तर जाड, ओलसर, ताणलं जाईल असं राहतं. त्या अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते आणि तिच्यावर लॅक्टोबॅसिलस जंतू जगतात. हे विरजणातल्या जंतूंच्या कुळातलेच. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे योनीचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ३.५ ते ४.५ इतका आंबट राहतो आणि बाहेरचे जंतू तिथे टिकत नाहीत. पाळी जाते, इस्ट्रोजेन आटतं, अस्तर पातळ होतं, ग्लायकोजेन कमी होतं, विरजण मोडतं. पीएच ५ च्या वर जातो आणि शौचाच्या जागेचे जंतू सहज पुढे सरकतात. मूत्रमार्ग तर शेजारीच, बायकांचा जेमतेम चार सेंटिमीटर लांब.

(विरजणाचं उदाहरण वाचून कोणी तिथे दही लावू नये. तसं करणाऱ्या बायका मला माहीत आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.)

यातून कोरडेपणा, खाज, चरचर, संबंधाच्या वेळी काचेने कापल्यासारखं दुखणं, त्यानंतर थेंबभर रक्त, लघवीला आग, सारखी घाई, रात्री तीन-तीनदा उठणं आणि पुन्हा पुन्हा होणारं इन्फेक्शन अशा तक्रारी सुरू होतात. पूर्वी डॉक्टर यातल्या निम्म्याच गोष्टींना नाव द्यायचे. २०१४ साली या सगळ्याला मिळून 'जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज' म्हणायचं ठरलं. चिठ्ठीवर जीएसएम लिहिलं असेल तर ते हेच. पाळी गेलेल्या साधारण निम्म्या बायकांना हा त्रास कमी-जास्त प्रमाणात होतो.

अंगातून निघणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हा त्रास तसा ओसरत नाही, उपाय केला नाही तर वाढत जातो. "होईल हळूहळू कमी" असं मला तीन वेगवेगळ्या बायकांनी प्रेमाने सांगितलं होतं. त्यांच्यावर विसंबून मी किती महिने घालवले, याचं आजही वाईट वाटतं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी करायची तयारी

तीन-चार दिवस एका कागदावर टिपून ठेवा: दिवसा किती वेळा लघवीला जाता, रात्री किती वेळा उठता, आग लघवी करताना होते की नंतर, खाज बाहेर आहे की आत. शेवटची पाळी कधी आली तेही लिहा. सलग बारा महिने पाळी आली नाही तर मेनोपॉज झाला असं धरतात. आपल्याकडे हे वय साधारण ४६-४७ आहे, म्हणजे पन्नाशीची वाट बघायला नको.

गर्भपिशवी काढलेली असेल तर ते आवर्जून सांगा, आणि ऑपरेशनमध्ये बीजकोषही काढले होते का याचा कागद शोधा. बीजकोष काढले की मेनोपॉज त्याच दिवशी येतो, बाई पस्तिशीची असली तरी. फक्त गर्भपिशवी काढली असेल तर पाळी नाही, म्हणून मेनोपॉज कधी आला ते कळतच नाही आणि लघवीच्या तक्रारी कोणी त्याच्याशी जोडत नाही. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कोवळ्या वयात काढल्याची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. पण द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा-पेठहून दिंडोरी-निफाडला येणाऱ्या बायकांमध्येही "पिशवी काढली" म्हणणाऱ्या चाळिशीच्या आतल्या भेटतात. दिवसभर बागेत आडोसा नाही, म्हणून पाणी पीत नाहीत, आणि संध्याकाळी आग आग होते. त्यांच्यापर्यंत हा मजकूर कोणी वाचून पोहोचवला तर बरं होईल.

कपडे धुण्याची पावडर, सुगंधी साबण, डेटॉलचं पाणी, तुरटीचं पाणी, 'इंटिमेट वॉश' यांपैकी काय वापरता तेही सांगा. आणि आजच बंद करा. वाळलेल्या अस्तराला साध्या कोमट पाण्याखेरीज काही लागत नाही. आत पाण्याचा फवारा तर कधीच मारू नये.

डॉक्टरांना सांगायचं कसं

आपलं घोडं इथेच अडतं. "अंगावरून जातं", "खाली त्रास आहे" एवढ्यावर बोलणं थांबतं आणि चिठ्ठीवर बुरशीच्या गोळ्या येतात. मी पाठ करून गेले होते, तेच वाक्य देते: "मॅडम, पाळी जाऊन साडेचार वर्षं झालीत. योनिमार्गात कोरडेपणा आणि चरचर आहे, लघवीला आग होते, घाई होते. मला तपासून सांगाल का, हे इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे आहे का?" बोलवत नसेल तर कागदावर लिहून टेबलावर ठेवा. सिव्हिलच्या ओपीडीत मागे रांग असते, पडद्यापलीकडे दुसरी बाई बसलेली असते. तिथे कागद फार उपयोगी पडतो.

विधवा आणि एकट्या बायकांना कधीकधी "तुम्हाला आता याची काय गरज?" असं ऐकावं लागतं. हे औषध फक्त संबंधांसाठी नाही. चालताना, बसताना, लघवी करताना आग होऊ नये यासाठी आहे. एवढं ठामपणे सांगून तपासणी मागा.

तपासणीत डॉक्टर अस्तराचा रंग, ओलावा, चिरा बघतील. लघवीची तपासणी आणि कल्चर करून घ्या. खरंच जंतू असतील तर अँटिबायोटिक हवंच, आणि नेमकं कोणतं ते कल्चरवरूनच कळतं. साखरही तपासा. मधुमेहात खाज आणि लघवीचा त्रास दोन्ही होतात.

काही गोष्टींत एक दिवसही थांबू नका. पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी सोनोग्राफी करून गर्भपिशवीच्या अस्तराची जाडी बघावीच लागते. ते कोरडेपणामुळेच असेल असं आपलं आपण ठरवायचं नाही. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप आणि पाठीत कळ, बाहेरच्या त्वचेवर पांढरे चट्टे, न भरणारी जखम, 'अंग बाहेर येणं' या सगळ्यांचं आधी निदान, मग क्रीम.

औषध कोणतं

त्रास अगदी सौम्य असेल तर हार्मोनशिवायही सुरुवात करता येते. योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, आणि संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित लुब्रिकंट जेल. यांनी कोरडेपणा तेवढ्यापुरता झाकला जातो, अस्तर काही जाड होत नाही. लघवीच्या तक्रारींवर तर त्यांचा फारसा उपयोग नाही.

अस्तर पुन्हा भरून आणायचं असेल तर त्याला इस्ट्रोजेनच द्यावं लागतं, आणि ते जिथे कमी आहे तिथेच. आपल्याकडे बहुधा एस्ट्रिऑलची क्रीम लिहून देतात. कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेनची क्रीम आणि योनीत ठेवायची एस्ट्रॅडिऑलची १० मायक्रोग्रॅमची बारीक गोळी हेही पर्याय आहेत. परिणामात मोठा फरक नाही. ज्यांना हाताला क्रीम लागणं नको वाटतं त्यांना गोळी बरी. ज्यांची आग बाहेर, लघवीच्या तोंडाशी आहे त्यांना क्रीम, कारण ती बोटाने बाहेरही लावता येते.

मेडिकलमध्ये जाऊन "खाजेचं मलम द्या" असं म्हणू नका. हाती येणाऱ्या मिश्र मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, आणि आधीच पातळ झालेली त्वचा त्याने आणखी पातळ होते. चिठ्ठी दाखवा, ट्यूबवरचं नाव वाचा.

लेझरच्या जाहिराती आता आपल्याही शहरात दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'योनीच्या टवटवीसाठी' चालणाऱ्या अशा यंत्रांबद्दल २०१८ मध्येच सावध केलं होतं, त्यातून भाजणं आणि व्रण झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. ट्यूबने होणाऱ्या कामासाठी त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोक्यातला कागद वाचून घाबरण्याआधी

माझी पहिली ट्यूब आठ दिवस कपाटात पडून होती, कारण मी आतला कागद वाचला. स्तनाचा कर्करोग, गर्भपिशवीचा कर्करोग, रक्ताची गाठ, पक्षाघात. हे इशारे मुख्यतः तोंडाने घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांवरून आलेत. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात त्या गोळ्यांचे धोके दिसले आणि तोच मजकूर इस्ट्रोजेनच्या प्रत्येक औषधावर छापला गेला.

जागेवर लावायच्या औषधाचं प्रमाण बघा. १० मायक्रोग्रॅमची गोळी पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा घेतली, तर अख्ख्या वर्षात मिळून साधारण १.१४ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन होतं. तोंडाने घ्यायची नेहमीची एक गोळी १ मिलिग्रॅमची असते, तीही रोज घ्यायची. त्या अमेरिकी प्रकल्पातल्याच ४५ हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी पुढे तपासल्या, त्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला: योनीत इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये स्तनाचा किंवा गर्भपिशवीचा कर्करोग, हृदयविकार, रक्ताच्या गाठी यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेनोपॉजच्या हार्मोनवरचे ते चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला.

कमी मात्रेच्या स्थानिक औषधासोबत, गर्भपिशवी असली तरी, एरवी प्रोजेस्टेरॉनच्या (पिशवीचं अस्तर वाढू नये म्हणून देतात त्या) गोळ्या लागत नाहीत. उलट बाजूही सांगते. इतकं कमी औषध अंगात जातं म्हणूनच त्याने गरम वाफा थांबत नाहीत आणि हाडंही बळकट होत नाहीत. त्यासाठी वेगळं बोलावं लागेल.

स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, विशेषतः लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलसारखी इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी चालू असेल, तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. दार अगदी बंदच आहे असं नाही, पण तो निर्णय त्यांच्यासोबत बसूनच घ्यायचा.

प्रत्यक्ष वापर

झोपायच्या आधीची वेळ उत्तम, कारण आडवं पडल्यावर क्रीम बाहेर येत नाही. लघवीला जाऊन या, हात साबणाने धुवा. ट्यूबचं झाकण काढून तिथे अ‍ॅप्लिकेटरची नळी फिरवून बसवा आणि ट्यूब हळूहळू दाबा. नळीतला दट्ट्या खुणेपर्यंत मागे सरकला की थांबा. एस्ट्रिऑलच्या ०.१ टक्का क्रीमचा नेहमीचा डोस अर्धा ग्रॅम असतो. वाटाण्याएवढीच दिसते, आणि "एवढ्याशाने काय होणार" म्हणून नळी पूर्ण भरायचा मोह होतो. भरू नका. तुमच्या चिठ्ठीवर जो आकडा असेल तोच खरा.

पाठीवर पडा, गुडघे दुमडा, पाय थोडे फाका. नळी सरळ वर ढकलायची नाही, कमरेच्या मागच्या बाजूला रोख ठेवून अलगद आत घ्या. दोन इंच पुरे. खुपलं तर श्वास सोडा, तोंडाशी थोडी क्रीम लावा आणि पुन्हा प्रयत्न करा. दट्ट्या दाबा, नळी काढा. नळीच्या टोकाला उरलेली क्रीम बोटाने योनीच्या तोंडाशी आणि लघवीच्या छिद्राभोवती चोळा. आग तिथेच असते आणि नेमकं तिथेच लावायला कोणी सांगत नाही. नळी अजिबात सहन होत नसेल तर पहिले काही दिवस नुसत्या बोटाने लावलं तरी चालतं, तसं डॉक्टरांना कळवा. नंतर नळी कोमट पाणी आणि साबणाने धुवा. उकळू नका, वाकडी होते.

पहिले दोन आठवडे रोज, काही डॉक्टर तीन सांगतात. पुढे आठवड्यातून दोनदा. ते दोन दिवस विसरतात, म्हणून मी बुधवार आणि रविवार धरलेत. बुधवारी गोदाकाठचा बाजार असतो, भाजीच्या पिशव्या रिकाम्या करताना आठवण होतेच. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी लावा, दुप्पट कधी नाही. १५ ग्रॅमची ट्यूब या हिशेबाने सुमारे दहा आठवडे पुरते. तिच्यावर उघडल्याची तारीख लिहा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नका.

पहिल्या आठवड्यात थोडी चरचर होऊ शकते, छाती जड वाटू शकते, ते बहुधा आपोआप जातं. दोन-तीन आठवड्यांत खाज आणि कोरडेपणा कमी होऊ लागतो. लघवीची आग आणि घाई मात्र वेळ घेते, पूर्ण फरक कळायला आठ ते बारा आठवडे लागतात. माझी रात्रीची तिसरी खेप नवव्या आठवड्यात बंद झाली. तोवर दोनदा सोडून द्यावंसं वाटलं होतं.

क्रीम हे लुब्रिकंट नाही, संबंधाच्या आधी लावू नका. त्या रात्री क्रीम उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी. जेल हवी तर वेगळी वापरा. काही क्रीमच्या तेलामुळे कंडोम कमकुवत होतो, खोबरेल तेलानेही होतो. नवऱ्याला मोकळेपणाने सांगा की दुखतंय म्हणून टाळते, तुमचा कंटाळा आलाय म्हणून नाही. आमच्याकडे हे एक वाक्य बोलायला दोन वर्षं लागली.

आणि नवरात्रात सोवळं म्हणून ट्यूब बाजूला ठेवणाऱ्यांना कळकळीने सांगते, हे औषध आहे, बीपीच्या गोळीसारखं. सप्तशृंगीच्या गडावर जाताना ती पर्समध्येच असू द्या.

लघवीसाठी सोबत काय करावं

वारंवार इन्फेक्शन होणाऱ्यांना याचा सर्वात मोठा फायदा होतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्या बायकांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, बिनऔषधी क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. घाईसाठी सोबत लघवी धरण्याचा सराव करा: घाई लागली की धावायचं नाही, उभं राहून तळाचे स्नायू (लघवी मध्येच थांबवायला आवळतो ते) चार-पाच वेळा आवळायचे, लाट ओसरली की सावकाश जायचं. खोकताना-शिंकताना थेंब गळत असेल तर मुख्य उपाय हाच व्यायाम, क्रीमने त्यात फार फरक पडत नाही. मुंबईला जायच्या दिवशी पाणी पूर्ण बंद करणाऱ्या आपण सगळ्या, पण घट्ट झालेली लघवी पिशवीला जास्त टोचते. पाणी थोडं-थोडं प्या आणि कमी करायचाच असेल तर चहा कमी करा.

ट्यूब संपल्यावर

बहुतेकींचं इथेच चुकतं. बरं वाटलं, ट्यूब संपली, संपलं. दोन-तीन महिन्यांत अस्तर पुन्हा पातळ होतं, कारण शरीर इस्ट्रोजेन काही परत बनवायला लागलेलं नसतं. तीन महिन्यांनी एकदा दाखवा, पुढे वर्षातून एकदा, आणि गरज आहे तोवर चालू ठेवा. मध्ये रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात जा.

सुरू करायला वयाची अट नाही. माझ्या सासूबाई ७९ वर्षांच्या असताना त्यांना दर दोन महिन्यांनी लघवीचं इन्फेक्शन व्हायचं, त्यात ताप, बडबड, रात्रभर जागरण. मी माझ्या डॉक्टरांना त्यांच्याबद्दल विचारलं आणि तपासून त्यांनाही क्रीम सुरू झाली. त्यांचे हात थरथरतात, नळी जमेना. म्हणून बुधवारी आणि रविवारी रात्री मी हातमोजा घालून बोटाने लावून देते. पहिल्यांदा त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. आता बुधवारी मी बाजारातून आले की त्याच आधी विचारतात, "मेथी मिळाली का, आणि आज आपला वार आहे ना?"